शून्य प्रहरातली मेंढरं

सिद्राम दूधभाते पाच वर्षं खासदार होते आणि त्या पाच वर्षांत ते लोकसभेत एकूण सत्तावन्न मिनिटं बोलले. हा आकडा त्यांचा स्वीय सहायक भागवत यानं काढला होता आणि त्याच्या मते तो छापण्यासारखा नव्हता. सिद्रामना मात्र तो पुष्कळ वाटे. बाभळवाडीच्या माळावर मेंढरांमागं काढलेल्या चौदा वर्षांत ते याहून कमी बोलले होते आणि मेंढरांचं त्यावाचून काही अडलं नव्हतं.

बाभळवाडी म्हणजे उमरग्याच्या पलीकडं, हैदराबादच्या रस्त्याला चिकटून असलेली साठेक उंबऱ्यांची वस्ती. तिथं त्यांना सिद्राम कुणी म्हणत नाही. थोरला भाऊ धुळाप्पा ‘सिदू’ म्हणतो, म्हणून सगळी वाडी सिदू म्हणते. दिल्लीत त्यांना ‘माननीय सदस्य’ म्हणत. पण तिथं ते सगळ्यांनाच म्हणतात.

सिदू खासदार झाला त्याची गोष्ट फार मोठी नाही. दहावी दुसऱ्या झटक्यात पास, मग उमरग्यात एका शिक्षणसंस्थेत आधी शिपाई, नंतर कारकून, मग ग्रामपंचायत, मग पंचायत समिती. जिल्ह्यात पक्षाचे दोन मोठे नेते होते. दोघांनाही लोकसभेचं तिकीट हवं होतं आणि ते दुसऱ्याला मिळू नये हे त्याहून जास्त हवं होतं. दोघांचीही हरकत नाही असं एकच नाव निघालं, कारण त्या नावाची दोघांनाही भीती नव्हती. त्या वर्षी लाट होती. लाटेत ओंडके तरतात, सिदूही तरला.

भागवत मूळचा परंड्याचा. राज्यशास्त्रात एम. ए. केलेलं, तीन खासदारांच्या हाताखाली वर्षं काढलेली. त्यानं सिदूला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवली. “साहेब, लोक जे मागतात ते सगळं राज्याचं असतं. एसटी, पाणी, शाळा, तलाठी. आपण केंद्राचे. लोकांची मागणी केंद्राला अडकवता आली पाहिजे, नाहीतर नोटीस परत येते.”

या अडकवण्यात भागवतचा हात धरणारा कुणी नव्हता. एका तालुक्याच्या स्टँडावर बायकांच्या मुतारीला दार नाही अशी तक्रार आली. स्टँड राज्याचा, पण त्याच्यासमोरचा रस्ता राष्ट्रीय. म्हणून सिदूनं सभागृहात ‘राष्ट्रीय महामार्गांवरील महिला प्रवाशांच्या सुविधा’ यावर दोन मिनिटं चिंता व्यक्त केली. लोहारा तालुक्यातल्या एका डाकघरात दुपारनंतर नेट नसायचं. तो विषय ‘ग्रामीण दळणवळणाच्या बळकटीकरणा’त गेला. काही विषय तर बोलावेही लागत नसत. अडीचशे शब्दांत लिहून द्यायचे, म्हणजे ते वाचल्याचं मानण्यात येई. सिदूला याचं सुरुवातीला फार नवल वाटलं. वाडीतही न बोलता बोलल्याचं मानत, पण ते फक्त नवरा-बायकोत.

महिन्या-दोन महिन्यांनी उत्तरं येत. बाब विचाराधीन आहे. बाब तपासण्यात येत आहे. बाब राज्य शासनाच्या अखत्यारीतली आहे. सिदू ती सगळी एका फाईलीत लावून ठेवी आणि तक्रार करणाऱ्याला त्याची प्रत पाठवी. लोकांना त्याचंही बरं वाटे. आपल्या मुतारीच्या दाराबद्दल दिल्लीत कुणीतरी इंग्रजीत काहीतरी लिहिलंय, एवढं पुष्कळांना पुरतं.

एक काम मात्र खरोखर झालं, आणि त्याची ही हकिगत आहे.

बाभळवाडीची घरं रस्त्याच्या उत्तरेला, माळ आणि तळं दक्षिणेला. मेंढरं सकाळी तिकडं आणि संध्याकाळी इकडं. रस्ता साधा होता तोवर ड्रायव्हर थांबत, कुणी विडी ओढी, कुणी कोकराकडं बघून हसे. रस्ता चौपदरी झाला, मधे दुभाजक आला, आणि थांबायचं कुणाला कारण उरलं नाही. एका सकाळी धुळाप्पाची नऊ मेंढरं एका ट्रकनं एकाच फटक्यात नेली. धुळाप्पानं सिदूला फोन केला आणि एवढंच म्हणाला, “नऊ गेली. तुझ्या हाताखालच्या बांड्या मेंढीची नात बी त्यातच.”

सिदूनं शून्य प्रहराची नोटीस दिली. प्रश्नोत्तरांचा तास संपला की हा शून्य प्रहर लागतो. चिठ्ठ्यांत नाव निघालं तर दोन-अडीच मिनिटं मिळतात, मग माईक आपोआप बंद. सिदूचं नाव निघालं. तो मराठीत बोलला. महामार्गामुळं गावं दुभंगली आहेत, पशुधनाची जीवितहानी होत आहे, वाहतुकीच्या सुरक्षेच्या दृष्टीनं बाभळवाडी येथे भुयारी मार्गाची उपाययोजना त्वरित करावी. मंत्री शून्य प्रहराला सहसा उत्तर देत नाहीत. त्या दिवशी ते कसे कोण जाणे, जागेवर होते. उठले आणि म्हणाले, “करून टाकू.”

आणि खरंच केलं. दीड वर्षात बोगदा झाला. मधे एकदा इंजिनिअर नकाशा घेऊन सिदूच्या उमरग्याच्या कार्यालयात आला होता. नकाशा टेबलावर पसरला, कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवले. सिदूला त्यात रस्ता दिसला, बोगदा दिसला, दोन्ही अंगांना हिरव्या शाईतली झाडं दिसली. इंजिनिअर म्हणाला, “काही सूचना, सर?” सिदू म्हणाला, “लवकर करा.” आणि सही केली.

उद्घाटनाला भंडारा उधळला, ढोल वाजले, धुळाप्पाला फेटा बांधला. मेंढरं बोगद्याच्या तोंडाशी आली आणि थांबली. लोक म्हणाले, ढोलाला बुजली. दोघांनी एडक्याला शिंगांना धरून आत ओढला, चौघांनी मागून रेटा दिला, आणि तेवढ्यात फोटो निघाला. जिल्ह्याच्या पेपरात तो चार कॉलमांत आला. त्यात नीट पाहिलं तर सगळ्या मेंढरांची तोंडं मागं आहेत, पण फोटोत मेंढरांची तोंडं नीट पाहणारे लोक पेपर घेत नाहीत. सिदूला त्या दिवसापासून ‘मेंढरांचा खासदार’ म्हणू लागले.

दोन महिन्यांनी, अधिवेशनाच्या आधीच्या सुटीत सिदू वाडीला आला. धुळाप्पा माळाला गेला होता. वहिनी बानूबाई चुलीपुढं बसली होती.

“बोगद्याचं बरं झालं न्हवं, वैनी?” सिदूनं विचारलं.

बानूबाईनं भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाण्याचा हात फिरवला. “बरं झालं की. पोरं दिवसभर पत्ते खेळत्यात तिथं. गार असतंय.”

“आन् मेंढरं?”

“मेंढरांला पत्ते येत न्हाईत, भावजी.”

बानूबाईनं भाकरी उलटली.

“वरनंच जात्यात. एक दिस खालनं गेली न्हाईत. तुमचं भाऊ म्हणाले, कुणाला बोलू नगा. तिथं सिदूच्या नावाचा दगुड बसलाय, आपूनच नावं ठिवली तर बरं दिसत न्हाय. म्या बी गप हाय. आता तुमी इचारलं म्हणून सांगितलं, तुमी बी इचारलं न्हाय म्हणा.”

संध्याकाळी सिदू रस्त्यावर जाऊन उभा राहिला. धुळाप्पा पलीकडून आला. एक हात वर करून तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. पासष्ट वर्षांचा माणूस, अंगावर घोंगडं, आणि अंगावर येणारे ट्रक. दुभाजकाच्या फटीतून मेंढरं अलीकडं आली. त्यांच्या पायाखाली, बरोब्बर खाली, सिदूचा बोगदा होता.

सिदूला पाहून धुळाप्पा ओशाळला. चोरी आपण केल्यासारखा.

“बानीनं सांगितलं व्हय?”

“न्हाय. म्याच बघितलं.”

“खोटं बोलाय तरी शिकला न्हाईस तिथं,” धुळाप्पा म्हणाला. मेंढरं सुनेच्या हवाली करून तो भावाला बोगद्याच्या तोंडाशी घेऊन गेला. “खाली बस.”

सिदू उकिडवा बसला.

“आजून खाली. मेंढरावानी. काय दिसतंय?”

बोगदा सरळ नव्हता. वरच्या रस्त्याच्या चालीनं तो तिरका काढला होता, आणि पलीकडच्या तोंडाशी जोडरस्त्याची संरक्षक भिंत आडवी आलेली. मधल्या सखलात पाणी साचलं होतं.

“भिंत,” सिदू म्हणाला.

“मेंढराला बी तीच दिसती. मेंढरू उजेडाला जातं. त्याला पलीकडचं रान दिसाय लागतं, मंग ते हागणदारीतनं बी जाईल. म्या शेरडं पुढं घालून बघितली. शेरडं गेली. शेरडाचं काय, ते देवळात बी जातं आन् पोलिस ठाण्यात बी.”

“तुमी तवाच का न्हाय सांगितलं, आण्णा?”

“तू तवाच का न्हाय इचारलंस?” धुळाप्पा रागानं म्हणाला नाही. विचारायचं राहून गेलेलं विचारावं तसं म्हणाला. “तू बोललास ते टीव्हीवर ऐकलं म्या. सुरक्षा, उपाययोजना, समदं लई चांगलं व्हतं. मेंढरू कसं चालतंय ते त्यात कुठं आलं न्हाय. मला वाटलं, ते तिथं चालत नसंल.”

सिदू बराच वेळ उठला नाही. गुडघे दुखत होते हे एक कारण. दुसरं असं की त्याला आठवलं. त्या भाषणाच्या पहिल्या खर्ड्यात एक ओळ होती: मेंढराला पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. ती ओळ भागवतनं खोडली नव्हती. ती सिदूनं स्वतः खोडली होती. पहिल्या वर्षी तो लोकरीवर बोलायला उभा राहिला, तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी ‘बें’ केलं होतं आणि सभागृह हसलं होतं. त्यानंतर त्यानं आपल्या वाक्यांतून मेंढरं काढली आणि तिथं पशुधन भरलं. पशुधनाला कुणी हसत नाही. पशुधनाला बोगदाही चालतो.

पुढचं अधिवेशन शेवटचं होतं. त्यानंतर निवडणुका, आणि तिकीट अजून ठरायचं होतं. भागवतनं कार्यअहवालाची पुस्तिका छापून आणली होती. मुखपृष्ठावर बोगदा, एडका आणि सिदू.

“शून्य प्रहराची नोटीस लिहा,” सिदू म्हणाला. “बोगदा चुकला म्हणून.”

भागवतनं पुस्तिका खाली ठेवली. “खात्यानं चुकवला, असं लिहू या. कंत्राटदाराची चौकशी मागू. चांगला विषय आहे.”

“खात्यानं न्हाय चुकवला. म्या मागितला तसाच दिला त्यांनी. नकाशावर माझी सही हाय.”

“मग प्रकाशयोजना मागू, साहेब. आत दिवे. पुरवणी मागणी म्हणून जाईल, मूळ कामाला धक्का नाही.”

“भागवत, मेंढरं दिव्यानं जात न्हाईत. उजेड म्हंजी पलीकडचं रान दिसणं.”

“साहेब,” भागवत सावकाश म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता आणि त्याचंही घर या नोकरीवर चालत होतं. “चूक झाली असं या सभागृहात म्हणतात. रोज म्हणतात. पण ती समोरच्या बाकावरच्यांची झाली असं म्हणतात. स्वतःची म्हणायला इथं जागाच केलेली नाही. आणि आपल्याकडं दाखवायला एवढं एकच आहे. हे तुम्ही स्वतःच पुसलं तर मी मुखपृष्ठावर काय छापू? डाकघर?”

“आण्णा ह्या वयात रस्त्यात उभं ऱ्हात्यात.”

“ते आधीपासून राहतात.”

“आधी बोगदा नव्हता. आता हाय, म्हणून दुसरा कुणी काय करायचा न्हाय. फाईलीत ते काम झालंय.”

फाईलीत झालेलं काम पुन्हा करून घेणं किती अवघड असतं, हे भागवतइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यानं नोटीस लिहिली. विषय लिहिला: ‘बाभळवाडी येथील भुयारी मार्गात सुधारणा’. सुधारणा हा शब्द त्यानं आपल्या समाधानासाठी घातला.

नाव निघालं ते तिसऱ्या वेळी, अधिवेशन संपायला चार दिवस असताना. जेवायची वेळ जवळ आली होती, सभागृह निम्मं रिकामं होतं. सिदूच्या हातात कागद नव्हता.

“अध्यक्ष महोदय, दोन वर्षांपूर्वी मी इथं एक बोगदा मागितला. सरकारनं दिला, त्याबद्दल आभार. पण माझी मागणी चुकली होती. दोष खात्याचा नाही, माझा आहे. मी धनगराच्या पोटी जन्मलो, चौदा वर्षं मेंढरं राखली, आणि मेंढरू कसं चालतं ते मी इथं सांगितलं नाही. मला लाज वाटली.”

मागून कुणीतरी ‘बें’ केलं. दोघं-तिघं हसले.

सिदू वळला. “हा आवाज कोकराचा आहे,” त्यानं गंभीरपणे सांगितलं. “मोठं मेंढरू असं ओरडत नाही.” आणि पुन्हा आसनाकडं तोंड करून त्यानं उरलेल्या दीड मिनिटात सांगितलं. मेंढराची नजर किती उंचीवर असते, ते अंधारात का थांबतं, पाणी बघून का वळतं, एक वळलं की सगळी का वळतात, आणि पलीकडं फक्त चार हात भिंत कमी केली तर काय होईल. दुभाष्यानं ते सगळं इंग्रजीत केलं. इतकं सरळ बोलणं दुभाष्याच्याही वाट्याला क्वचित येत असावं, कारण तो एकदाही अडखळला नाही. माईक बंद झाला तेव्हा सिदूचं बोलणं संपलं होतं, हेही त्या सभागृहात नेहमी होत नाही. समोरच्या बाकावरच्या एका वयस्क सदस्यानं बाक वाजवलं. मग घड्याळाकडं बघितलं आणि जेवायला गेला.

त्या संध्याकाळपर्यंत अकरा सेकंदांचा तुकडा जिल्हाभर फिरला. ‘माझी मागणी चुकली होती. दोष खात्याचा नाही, माझा आहे.’ मेंढरं त्या अकरा सेकंदांत नव्हती. विरोधकांनी त्या तुकड्यामागं ढोलाचा आवाज लावला. उमरग्याच्या हॉटेलांत लोक एकमेकांना विचारू लागले, की ह्यानं नेमकं काय खाल्लं. कारण काही खाल्ल्याशिवाय माणूस चूक कबूल करत नाही, आणि खाल्ल्यावर तर नाहीच नाही, असा तिथला अनुभव. पक्षाच्या दोन्ही नेत्यांचं पाच वर्षांत दुसऱ्यांदा एकमत झालं. तिकीट तिसऱ्याला गेलं.

भागवत नव्या खासदाराकडं लागला. जाताना तो सिदूच्या पाया पडला आणि उरलेल्या पुस्तिकांचं काय करायचं ते विचारून गेला. बानूबाईनं त्या चुलीसाठी ठेवून घेतल्या. कागद चांगला होता, म्हणाली, लवकर पेटत न्हाय.

पावसाळा गेल्यावर महामार्गाच्या खात्याची एक तरुण इंजिनिअर बाभळवाडीला आली. निकिता तिचं नाव. तिच्याकडं सिदूच्या भाषणाची छापील प्रत होती आणि शेवटच्या परिच्छेदाखाली पेन्सिलीच्या रेघा होत्या. सिदू घरीच होता. आता तो घरीच असे. पण तिनं विचारलं, “मेंढरं कोण राखतं?” आणि धुळाप्पाला बोलावून घेतलं. सिदू बाजूला उभा राहिला. धुळाप्पा आयुष्यात सरकारी माणसाशी इतकं कधी बोलला नव्हता. दोन तास बोलला. निकिता बोगद्याच्या तोंडाशी उकिडवी बसली, मग आणखी खाली वाकली, आणि मोबाईलवर फोटो काढले.

“बोगदा सरळ नाही करता येणार, बाबा,” ती म्हणाली. “भिंत कापता येईल. पाण्याला वाट करता येईल.”

“किती कापाल?”

“तीन हात.”

“चार लागतंय.”

“तीनच निघतील. वर रस्ता आहे.”

“बरं,” धुळाप्पा म्हणाला. “तीन हाताचं मेंढरू तर जाईल.”

माघात भिंत कापून झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी धुळाप्पानं मेंढरांचं खांड बोगद्यावर आणलं, सिदूही बरोबर होता. ढोल नव्हता, फेटा नव्हता. मेंढरं तोंडाशी थांबली. पुढच्या म्हाताऱ्या मेंढीनं मान खाली घालून आतलं हुंगलं, कान हलवले, आणि चालू लागली. तिच्यामागं पाच, मग दहा, मग एक लोंढा गेला. आतून खुरांचा आवाज आला. तो पलीकडं मोकळ्यावर निघाला तसा विरळ झाला. सून तिकडं उभी होती, तिनं हाक दिली.

मग लोंढा तुटला. निम्मी मेंढरं अलीकडं राहिली होती. ती आत बघत होती, पुढं सरकत होती आणि मागं येत होती. धुळाप्पानं घाई केली नाही. पाव घटका वाट बघितली.

“ह्यांला चौथा हात लागतोय,” तो म्हणाला.

“उद्या जातील?” सिदूनं विचारलं.

“कोकरं जातील. ही न्हाईत जायची. ह्यांला सवय लागलीया वरची.” त्यानं सिदूकडं पाहिलं. “म्या खालनं गेल्याली बघतो. तू ही आण.”

मग सिदू निम्मं खांड घेऊन वर रस्त्यावर गेला. हात वर करून मधोमध उभा राहिला. हैदराबादकडून आलेल्या एका ट्रकनं करकचून ब्रेक मारले. ड्रायव्हरनं मुंडकं बाहेर काढलं.

“क्या रे, रस्ता तेरे बाप का है? मेंबर है क्या तू?”

“था,” सिदू म्हणाला, आणि शेवटचं मेंढरू उतरेपर्यंत हात खाली घेतला नाही.